नवव्या सुधारणेची खुर्ची

वर्षश्राद्धाचे गुरुजी वडे-खीर जेवून दीडला गेले आणि तीन वाजता व्हाइटफील्डहून टेम्पो आला. दोन माणसांनी मिळून उतरवलेली ती वस्तू फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये अशी लपेटली होती, की तान्हं बाळसुद्धा इतक्या काळजीनं कुणी घरी आणत नाही. क्षितिज पुढे उलटा चालत होता. "हळू, हळू. स्वल्प लेफ्ट. उंबरा आहे, उंबरा!"

आसावरीबाई व्हरांड्याच्या खांबाला टेकून बघत होत्या. गेल्या वर्षी अण्णांना हॉस्पिटलातून शेवटचं घरी आणलं तेव्हा ह्याच उंबऱ्यावर स्ट्रेचर दोनदा आपटलं होतं. तेव्हा हा अण्णांचा मुलगा गेटाबाहेर फोनवर होता. अण्णा जिवंत होते, म्हणून असेल. मेलेल्या बापाची काळजी घ्यायला वेळ काढता येतो.

पुढच्या रविवारी उद्घाटन होतं. मराठी मंडळातल्या लोकांना छापील निमंत्रणं गेली होती: ‘विद्याधर स्मृतिदालन’. दालन म्हणजे राजाजीनगरच्या ह्या घरातली पुढची खोली. आणि पुढची खोली म्हणजे गेली सतरा वर्षं, रोज पाच ते सात, आसावरीबाईंचा वर्ग. मल्लेश्वरमच्या शाळेतून त्या रिटायर झाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या भावानं, म्हणजे अण्णांनी, स्वतः फळा ठोकून दिला होता. इस्त्रीवाल्याची दोन, समोरच्या अपार्टमेंटच्या वॉचमनची तीन, कोपऱ्यावरच्या फूलवालीची एक, अशी धरून सध्या चौदा मुलं होती. फी नव्हती. एकच अट होती, हात-पाय धुऊन यायचं.

गेल्या आठवड्यात क्षितिजनं भिंतीला पांढराशुभ्र रंग दिला आणि फळा काढून न्हाणीघराच्या दारामागे उभा केला.

"आत्या, तुझी मागची खोली तुझीच आहे गं," तो म्हणाला होता. "फक्त क्लास बंद. किती दिवस करणार तू? वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना छान फेअरवेल दे. केक मी पाठवतो."

तेराचा पाढा जेमतेम अर्धा झाला होता आणि ह्याच्याकडे त्यावर उतारा होता केक. पण बाई काय बोलणार? अण्णा गेल्यावर घर मुलांच्या नावावर झालं. अण्णा असताना कोणती खोली कुणाची हे कधी कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आता सांगायलाही काही नव्हतं. भाची अमृता पुण्याहून फोनवर म्हणाली होती, "मी आले की दादाशी बोलते, आत्या. क्लास कसा बंद होईल?" सकाळच्या विमानानं ती आली, पांढरी भिंत बघितली आणि म्हणाली, "वॉव, दादा!" तिचं दादाशी बोलणं तिथेच संपलं.

राहता राहिली सून, क्षितिजची बायको मुग्धा. तिच्याकडून बाईंनी कधीच अपेक्षा ठेवली नव्हती. वीणावहिनी, म्हणजे अण्णांची बायको, अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणात होत्या, तेव्हा मुग्धा शनिवारी सफरचंदं घेऊन यायची, अर्धा तास बसायची आणि ट्रॅफिकचं कारण सांगून उठायची. सफरचंदं वहिनींना चावता यायची नाहीत. ती कामवाल्या यल्लव्वाच्या घरी जायची.

प्लास्टिक सोडवायला व्हाइटफील्डच्या त्या लाकूडकामाच्या स्टुडिओतला शौर्य नावाचा कारागीर जातीनं आला होता. बारीक दाढी, चुरगळलेला पण महागाचा दिसणारा शर्ट, आणि रंधा चालवूनही एकही घट्टा न पडलेले हात. त्यानं हलक्या हातानं शेवटचा पदर ओढला आणि दोन पावलं मागे सरला.

"अंकलचं शेवटचं डिझाइन," तो हिंदीत म्हणाला. "आम्ही एक मिलिमीटरही बदललेलं नाही."

काळीभोर शिसवी लाकडाची खुर्ची होती. सांध्यांतून नखसुद्धा जाणार नाही अशी घट्ट. ताठ पाठ, गोलाई दिलेले हात, मागच्या दोन पायांना पितळी चाकं. आणि बैठकीच्या मधोमध एक सुबक, लंबगोल भोक.

आसावरीबाईंनी खांब सोडला. दाराची चौकट धरली.

ही खुर्ची त्या ओळखत होत्या. म्हणजे ही नव्हे, हिची थोरली बहीण. ती पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडाची होती, फिकट, ओबडधोबड, आणि तीन वर्षं मागच्या खोलीत वहिनींच्या पलंगाला लागून उभी होती. ह्या भोकाखाली दोन रूळ होते, रुळांवर एनॅमलचं भांडं सरकायचं, आणि ते भांडं दिवसातून चार वेळा रिकामं करावं लागायचं.

आपल्या थोर वडिलांचं स्मारक म्हणून पोरांनी शिसवी लाकडात शौचाची खुर्ची बनवून आणली होती.

"लाइट लाव ना," क्षितिज म्हणाला.

शौर्यनं खाली वाकून कळ दाबली. रुळांमध्ये बसवलेला दिवा लागला आणि भोकातून सोनेरी उजेड वर आला. तो थेट समोरच्या भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोवर पडला. अण्णा त्यात हसत होते. फॅक्टरीतल्या निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता तो, त्यांना दुसरं कारण असेल हसायला. पण आज ते फार समजून हसल्यासारखे दिसत होते.

"माय गॉड," अमृताच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, किती सुंदर!"

"हे नेगेटिव्ह स्पेस आहे," क्षितिजनं समजावलं. मुलं अण्णांना अप्पा म्हणायची. "अप्पांची रिकामी जागा. त्यांनी ती मुद्दाम सोडलीय. विचार कर अमू, आयुष्यभर फॅक्टरीतल्या मशिनांसाठी जिग आणि फिक्स्चर डिझाइन करणारा माणूस, आणि शेवटी तो शून्यापर्यंत आला."

"त्यांना कळलं होतं," अमृता म्हणाली. "आतून कळतं माणसाला."

"ट्रेसिंग पेपरवर नऊ रिव्हिजन आहेत. नऊ! एका खुर्चीसाठी. हा ध्यास बघ."

चहाचा ट्रे घेऊन यल्लव्वा आतून आली, ती दारातच थबकली. तीन वर्षं सकाळचं भांडं तिनं काढलं होतं. तिनं खुर्चीकडे बघितलं, भोकातल्या उजेडाकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि ट्रेमधले कप किणकिणायला लागले.

"अक्का, इदु नम्म वीणम्मंदु..." ही तर आपल्या वीणम्मांची, असं ती कानडीत बोलून गेली.

"सुम्नीर," आसावरीबाईंनी तिला दबक्या आवाजात गप्प केलं. "चहा ठेव आणि आत जा."

यल्लव्वा आत गेली. स्वयंपाकघरातून आधी भांडं पडल्याचा आणि मग तोंडात पदर कोंबून हसल्याचा आवाज आला. मुग्धानं मान वर केली, बाईंकडे क्षणभर बघितलं आणि ट्रेमधला कप उचलून नवऱ्याला दिला.

शौर्य चहा पिऊन टेम्पोबरोबर गेला. जाताना त्यानं खुर्चीला वाकून नमस्कार केला. तो बाईंना सोसवला नाही, त्या गेटाकडे बघत राहिल्या.

पुढच्या खोलीत आता चौघंच उरली. क्षितिज खिशातून पितळी पाटी काढून ती कुठे लावायची ते बघत होता. पाटीवर कोरलं होतं: ‘अप्पांची अखेरची निर्मिती’.

"आत्या, रविवारी दोन शब्द तू बोलायचे आहेत," तो म्हणाला. "तू घरात होतीस ना तेव्हा. अप्पा हे ड्रॉइंग करायचे, त्यांचा मूड, त्यांची प्रोसेस. पाच मिनिटं. फार इमोशनल नको."

"मी?"

"तुझ्याशिवाय कोण? आम्ही कुठे होतो इथे!"

हे तो इतक्या सहज म्हणाला की बाईंना हसू यावं. पण हसू आलं नाही, कारण त्याच वेळी त्यांना वहिनींची आठवण आली.

वहिनींची वाचा आजारानंतर पाच महिन्यांनी थोडी परतली. परतल्यावर त्यांनी जी पहिली अख्खी वाक्यं जोडली त्यांतलं एक आसावरीबाईंसाठी होतं. ‘मुलांना कळू द्यायचं नाही.’ मग दम घेऊन, ‘माझी आठवण आली की त्यांना हे आठवायला नको.’ बाईंचा हात धरून त्यांनी वचन घेतलं होतं. मुलं येणार म्हटलं की खुर्चीवर झाकण बसायचं, झाकणावर गादी, गादीवर फुलाफुलांचा पलंगपोस. मुलं यायची, तासभर बसायची, जायची. त्यांना शोधायची घाई नव्हती आणि वहिनींना दाखवायची हौस नव्हती, त्यामुळे लपवाछपवी अगदी सुखासुखी तीन वर्षं चालली. वहिनी गेल्यावर अण्णांनी ती खुर्ची घासूनपुसून एका वृद्धाश्रमाला दिली. त्यांच्या कपाटात नकाशा तेवढा राहिला, आणि शीर्षकाच्या चौकटीत त्यांनी संकोचून नुसतं ‘खुर्ची’ एवढंच लिहिलेलं होतं.

वचन पाळायचं तर गप्प बसायचं. गप्प बसायचं तर उद्या मुलांना केक देऊन निरोप द्यायचा, आणि रविवारी मंडळाच्या साठ लोकांसमोर ह्या भोकाच्या ध्यासावर पाच मिनिटं बोलायचं.

"उद्या तुझ्या मुलांना नको सांगूस, मीच सांगतो हवं तर," क्षितिज पाटी खुर्चीच्या पाठीवर धरून म्हणाला. "पाच वाजता येतील ना आज? आजच सांगून टाकू. रविवारच्या आत फ्लोअर पॉलिश करायचंय. त्यांच्या पायांचे डाग पडतात."

ती मुलं पाय धुऊन यायची. नळ गेटाजवळ होता आणि बाई तिथे उभ्या राहून बघायच्या.

"क्षितिज," त्या म्हणाल्या, "बोलेन मी रविवारी. पण आधी मला ही खुर्ची नीट समजावून दे."

त्यांचा हा आवाज घरात सगळ्यांच्या ओळखीचा होता. ह्याच आवाजात त्यांनी ह्या दोघांना ह्याच फरशीवर अपूर्णांक शिकवले होते. क्षितिज खूश झाला. "विचार ना."

"बैठकीची उंची किती?"

"चारशे ऐंशी मिलिमीटर."

"नेहमीच्या खुर्चीची?"

"साडेचारशेच्या आसपास. ही मुद्दाम उंच आहे. थोडा सिंहासनाचा फील."

"फील नको. कारण सांग. चुकलं तरी चालेल, अंदाजपंचे नको. चारशे ऐंशी आणखी कशाची उंची असते ह्या घरात?"

क्षितिजनं खांदे उडवले. अमृता इकडेतिकडे बघत म्हणाली, "पलंगाची?"

"शाब्बास. आता, हा उजवा हात खाली पडतो का?"

"हो, बिजागरी आहे," क्षितिजनं तो खाली पाडून दाखवला. "डावा फिक्स्ड आहे. असिमेट्री."

"माणूस कशाला पाडेल खुर्चीचा एकच हात?"

"आत्या, प्रत्येक गोष्टीला फंक्शन नसतं. हे आर्ट आहे."

"तुझ्या बापानं छत्तीस वर्षांत एक भोक तरी कारणाशिवाय पाडलं होतं का रे?"

क्षितिज हसला, पण थोडं कमी. मुग्धा खिडकीशी उभी होती. ती म्हणाली, "आत्या, राहू दे ना. सगळे थकलेत."

बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. हिला घरी जायची घाई झाली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

"अमृता, चाकं बघ. मागच्या पायांना आहेत, पुढच्यांना नाहीत. ही खुर्ची कशी हलवायची?"

"मागून तिरपी करून ढकलायची." अमृता खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिनं ती खरंच थोडी तिरपी केली. "म्हणजे कुणीतरी बसलेलं असताना."

"कोण? पायानं चालणारं माणूस?"

अमृता खुर्चीच्या पाठीमागून बैठकीकडे बघत होती, भोकातून येणाऱ्या उजेडाकडे, आणि उजेडाच्या दोन्ही बाजूंच्या रुळांकडे.

"क्षितिज, नकाशावर पहिली तारीख कुठली?"

"तेरा ऑगस्ट." ती त्याला पाठ होती. भाषणात होती.

"साल?"

त्यानं साल सांगितलं.

"त्या सालच्या दहा ऑगस्टला काय झालं होतं?"

क्षितिज आठवायला लागला. त्याच्या चेहऱ्यावरून बाईंना कळत होतं, तो ऑफिसची कुठली रिलीज, कुठली ट्रिप आठवतोय. चाळीस वर्षांपूर्वी सातला बारानं भागताना तो असाच छताकडे बघायचा. आधी अमृताच्या तोंडून आवाज आला.

"दादा, तो लाइट बंद कर."

"का?"

"बंद कर आधी."

"अमू, काय झालं?"

"बंद कर म्हणते ना!" ती ओरडली. "दहा ऑगस्टला आईला हॉस्पिटलातून घरी आणलं. डावी बाजू गेलेली. खुर्चीवरून पलंगावर उजव्या अंगानं सरकायचं असेल तर कुठला हात पाडशील? रूळ कशाला लागतात? काय ठेवतात त्याच्यावर, दादा? दिवा?"

क्षितिज वाकला. दिवा विझवायला वाकला होता, पण कळ त्याला सापडेना. बराच वेळ तो तसाच गुडघ्यांवर होता, भोकाखाली हात घालून. शेवटी उजेड गेला. खोली एकदम साधी झाली.

"तू सांगितलं नाहीस," तो तसाच बसून म्हणाला. "नकाशा सापडून आठ महिने झाले."

"तू मला नकाशा दाखवलास? मला निमंत्रणपत्रिका दाखवलीस."

"अप्पांनी ही केली होती? खरंच? होती घरात?"

"मागच्या खोलीत. पलंगाशेजारी."

"मी कधीच..." अमृता म्हणाली आणि थांबली. "फुलांचा पलंगपोस होता. निळा. एक खुर्चीसारखं काहीतरी. दिवाळीत मी तिथे बसले होते, आत्या. आईशेजारी बसून चहा प्यायले."

"प्यायलीस. दोन कप." बाईंना थांबवता आलं असतं, पण इतक्या वर्षांचा साठा होता, तो आता वाहायला लागला. "तुला बसायला तीच जागा सापडली, आणि तुझी आई तासभर ओठ दाबून पडून राहिली. तू उठायची वाट बघत. तू फ्लाइटची गोष्ट सांगत होतीस, उशीर कसा झाला ती."

अमृता भिंतीला टेकून खाली बसली.

"नऊ सुधारणा!" बाई क्षितिजकडे वळल्या. "ध्यास म्हणालास ना? सांगते ध्यास. दुसरी सुधारणा, कड मांडीला रुतायची म्हणून गोलाई. चौथी, पाठ मागे कलायची आणि वहिनी घसरायची म्हणून पाठ ताठ. सहावी, भांडं ओढताना आवाज व्हायचा. वहिनी लाजायची, म्हणून अण्णांनी रुळांना फेल्ट चिकटवला आणि वर मेण चोळलं. प्रत्येक वेळी आधी स्वतः बसून बघायचे, डावा हात पाठीला बांधून. पंचाहत्तरीतला माणूस. तू शून्य म्हणतोस. त्या शून्याचं माप त्यांनी तिच्या हाडांवरून घेतलं होतं."

बाहेर भाजीच्या गाडीचा भोंगा वाजून गेला.

"कोण काढायचं?" क्षितिजनं विचारलं. त्याला तो शब्द उच्चारता येईना. "ते. कोण..."

"सकाळी यल्लव्वा. दुपारी मी. संध्याकाळी आणि रात्री अण्णा."

क्षितिजनं पितळी पाटी हातात उलटी केली, परत सुलटी केली. मग ती खिशात घातली. "लोकांना फोन करतो," तो म्हणाला. "रविवारचं कॅन्सल. काहीतरी सांगेन. तुझी खोली तुला राहू दे, आत्या. फळा मी उद्या लावून देतो." आणि थोड्या वेळानं, बहिणीकडे न बघता, "अमू, चाक धर. जरा भिंतीशी घेऊ."

"नको," अमृता म्हणाली. "असू दे इथेच. बसू दे मला थोडा वेळ हिच्याजवळ."

क्षितिजही तिच्याशेजारी फरशीवर बसला. एरवी कायम दाराबाहेर पडायची घाई असलेली ती दोन माणसं, आता उठायचं नाव घेईनात.

आसावरीबाई स्वयंपाकघरात गेल्या. जिंकल्यावर माणसाला पाणी प्यावंसं वाटतं. यल्लव्वा मागे भांडी घासत होती. ओट्यापाशी मुग्धा श्राद्धाची उरलेली खीर डब्यात काढत होती.

"संपला वर्ग?" तिनं विचारलं.

"कळलं त्यांना एकदाचं," बाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून काही निघालं नाही, बरं का. मी फक्त विचारलं. उत्तर अमृतानं दिलं."

"हो. ऐकलं मी." मुग्धानं डब्याचं झाकण लावलं. "आईंचं वचन शब्दशः पाळलंत."

बाईंच्या हातातलं फुलपात्र तोंडापर्यंत गेलं नाही. "तुला कुणी सांगितलं वचनाचं?"

"आईंनीच. माझ्याकडूनही घेतलं होतं." ती शांतपणे बोलत होती, ऑफिसात कुणाला हिशेब समजवावा तशी. "तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तुम्ही मल्लेश्वरमला मैत्रिणीकडे दहा दिवस राहिलात. यल्लव्वा तेव्हा गावच्या जत्रेला गेली होती. आठवतं?"

"अण्णा म्हणाले, सोय झालीय."

"मी रजा घेऊन इथे राहिले. दिवसाचं भांडं मीच काढायचे. क्षितिज अमेरिकेत होता. आई म्हणाल्या, मुलाला कळू देऊ नकोस. कुणालाच सांगू नकोस, वन्संनासुद्धा, म्हणजे तुम्हाला, त्यांना वाटेल त्यांच्यामागे काहीतरी झालं. मग मी नाही सांगितलं." ती थोडं हसली. "नंतर शनिवारी यायचे तेव्हा अर्ध्या तासात उठायचे, कारण मी असले की आई खुर्ची मागायच्याच नाहीत. मला पुन्हा करावं लागेल म्हणून. ताटकळायच्या."

बाईंना ते अर्धे तास आठवले. घड्याळाकडे बघणारी मुग्धा आठवली. सतरा वर्षं त्या मुलांना सांगत आल्या होत्या, उत्तर बघायच्या आधी रीत बघा.

"म्हणजे नकाशा सापडला तेव्हाच तू ओळखलंस."

"पहिल्या दिवशी. त्याला तीनदा म्हटलं, आत्यांना दाखव आधी. म्हटलं, तुम्ही म्हणाल, ‘अण्णांनीच हे नापास केलं होतं, त्यांना आवडलं नव्हतं, दुसरं काहीतरी करा.’ एवढं एक खोटं. खोलीही राहिली असती आणि आईंचंही राहिलं असतं."

"मग तूच का नाही बोललीस ते खोटं?"

"माझं कोण ऐकतं ह्या घरात, आत्या? तुम्ही ऐकता?"

मघाशी ती खिडकीशी उभी राहून ‘राहू दे ना’ म्हणाली होती. तेव्हाही बाईंना बोलता आलं असतं ते खोटं. एकाच वाक्यात काम झालं असतं. पण तेवढ्यानं समाधान झालं नसतं. बाईंना ती दोघं गुडघ्यांवर आलेली बघायची होती, आणि ती आली होती.

"आता तुमच्या खोलीत बसलीयत ती दोघं," मुग्धा म्हणाली. "आईंना जसं नको होतं, अगदी तसं आठवत." तिनं डबा पिशवीत ठेवला. आवाज चढवला नव्हता, डोळेही ओले नव्हते. बाईंनी अण्णांच्या मुलांकडे दिवसभर ज्या नजरेनं बघितलं होतं, त्याच नजरेनं ती बघत होती, फक्त जास्त दमून. "असो. फळा पुसून ठेवलाय मी. न्हाणीघरात ओल लागली होती त्याला."

बाहेर गेट करकरलं. नळ सुटला. "मिस! मिस!" म्हणून हाका आल्या.

आसावरीबाई मधल्या खोलीतून पुढे आल्या. पुढच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. अमृतानं खुर्चीच्या हातावर डोकं टेकलं होतं आणि ती रडत होती, लहानपणी रडायची तशी, नाक ओढत. क्षितिज बैठकीच्या कडेवरून बोट फिरवत होता. जिथे मांडी रुतायची तिथे. त्यांना उठा म्हणायचा हक्क आता बाईंना होता. खोली त्यांची होती, थोड्या वेळापूर्वीच मिळालेली.

त्यांनी दार ओढून घेतलं आणि बाजूच्या दारानं व्हरांड्यात आल्या.

मुलं ओल्या पायांनी रांगेत उभी होती. इस्त्रीवाल्याच्या मुलीनं ओले हात पुढे करून दाखवले.

"मिस, आत नाही?"

"आज नाही."

"मग कुठे?"

व्हरांड्याला चार पायऱ्या होत्या. मुलांनी आपणहून त्या वाटून घेतल्या, दोन दोन, तीन तीन, पाटी मांडीवर. चौदाजण बसल्यावर जागा उरली नाही. वरच्या पायरीशी बाई उभ्या राहिल्या. तेराचा पाढा तेरा सक अठ्ठ्याहत्तरला अडला होता, तिथून पुढे सांगायला लागल्या आणि पुन्हा तेरा सकवरच आल्या.

"मिस, बसा ना," कुणीतरी म्हणालं.

"हो," आसावरीबाई म्हणाल्या. "स्वल्प सरका. मलाही जागा द्या."